सरावाचा हात

"नॉर्मल आलं तर मला सांगू नकोस," जाऊबाई म्हणाल्या, आणि नेमक्या अशा वेळी म्हणाल्या, जेव्हा त्या खोलीत कुणीच काही बोलायचं नसतं. दाबाचा पट्टा नुकताच सुटला होता. पाच मिनिटं आवळून धरलेल्या हातात रक्त परत धावत होतं, सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या रेघांमधली रक्ताची काळी वाट ठोक्याठोक्याला उसळत होती, आणि बाकीचा सगळा खटाटोप, उपाशीपोटी येणं, चहा न पिणं, अर्ध्या उजेडात पडून राहणं, हे सारं ज्याच्यासाठी करायचं ते एवढंसं मिनिट आत्ता चालू होतं. दंडावर प्रोब धरलेला धाकट्या जावेचा हात हलला. हलला म्हणजे कितीसा, बाहेरून बघणाऱ्याला कळलंही नसतं. चमच्यातलं पाणी सांडणार नाही इतकाच. पण पडद्यावरच्या रेघा क्षणभर पुसट झाल्या, आणि मग पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा त्या आधीच्याच होत्या की त्यांच्या शेजारच्या, हे तिला सांगता आलं नसतं. तिने श्वास रोखला. "बोलू नका," ती हळूच म्हणाली. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले, सांगायचं ते सांगून झालं आहे अशा माणसासारखे.

जाऊबाईंनी देऊ केला तशा हाताला प्रयोगशाळेत सरावाचा हात म्हणत. यंत्राला नवा प्रोब आला की मापणाऱ्या प्रत्येकीने आधी आपला हात त्यावर बसवून घ्यायचा, मगच रुग्णाला हात लावायचा, असा तिथला रिवाज होता. मग कुणी आपल्या भावाला धरून आणी, कुणी शेजारणीला, कुणी दारावरच्या पहारेकऱ्याला. सरावाच्या हाताचा अहवाल निघत नसे, त्याला नाव नसे, चित्रफीत बघायची, चुका शोधायच्या आणि पुसून टाकायची. रविवारच्या जेवणाला सगळे वरच्या मजल्यावर भावजींकडे जमत, तिथे ती सहज बोलून गेली की या आठवड्यात सरावासाठी कुणीतरी हवं आहे. जाऊबाई तिच्या नवऱ्याच्या ताटात वाढत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "माझा घे." भावजी हसले. म्हणाले, "घे घे. फुकटात आणखी एक तपासणी. आमची गाडी आता शोरूममध्ये ठेवायच्या लायकीची आहे."

भावजी विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासत. दिवसभर वाकून, गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून ते पत्र्यावरचे पोचे बघत आणि कुठला पोचा नवा, कुठला जुना, कुठला मालकाने स्वतःच हातोडीने घातलेला, ते सांगत. त्यांचा हात धरणारा त्या कामात कुणी नव्हता. माणूस मनाने वाईट नव्हता, उलट बायकोच्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा चपला न घालता तिला घेऊन धावले होते ते. जाऊबाई शाळेत पीटी शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. मैदानावरच त्या एकदा मधोमध थांबल्या आणि मुली त्यांच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. छातीच्या आत कुणीतरी मूठ ठेवली आहे आणि ती हळूहळू उघडते आहे, असं त्या सांगत. जिना चढताना व्हायचं, पण नुसतं बसलं असतानाही व्हायचं, आणि कधी जिना चढूनही व्हायचं नाही. डॉक्टरांना याच गोष्टीचा राग यायचा, असं जाऊबाई म्हणत. दुखण्याला शिस्त नाही.

मग अँजिओग्राफी झाली. तो दिवस तिला नीट आठवत होता, म्हणजे दिवस असा नाही, जाऊबाईंचा चेहरा. हृदयाचे डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, "एकदम स्वच्छ. विशीतल्या मुलीच्या असाव्यात अशा नसा आहेत." भावजींचा जीव भांड्यात पडला, ते खुर्चीत बसले आणि एकदम रडायलाच लागले. तिचा नवरा भावाच्या पाठीवर थोपटत राहिला. तिलाही बरं वाटलं, न वाटायला काय झालं. मग आतून जाऊबाईंना आणलं. चाकांच्या पलंगावर आडव्या, मनगटाला घट्ट पट्टी. भावजी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "काही नाही निघालं गं, काही म्हणजे काही नाही." तेव्हा त्यांचा चेहरा पडला. एकाच क्षणासाठी, आणि लगेच त्यांनी तो सावरून घेतला, हसल्या, देवाचे आभार वगैरे मानले. पण तिने ते पाहिलं होतं. एखाद्याने पुरावा म्हणून जपून आणलेली वस्तू सगळ्यांसमोर उघडावी आणि पेटी रिकामी निघावी, तसा तो चेहरा होता. त्यानंतर घरात त्या दुखण्याला थट्टेचं नाव पडलं. 'विशीतल्या मुली'चं दुखणं. कुणी दुष्टपणे ठेवलं नव्हतं. जाऊबाई स्वतःही ते नाव वापरत. "थांबा रे, विशीतली मुलगी दमली," असं म्हणून त्या जिन्यात कठड्याला टेकत आणि वर गेलेल्यांना हाक मारत. हळूहळू वर गेलेले लोक थांबेनासे झाले.

त्या दिवशी पट्टा आवळला, तेव्हा हे सगळं तिच्या डोक्यातून जात होतं. पट्टा कोपराच्या खाली, प्रोब कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ आणि नेहमी थोडी गार असते. त्या पाच मिनिटांत मापणाऱ्याला काही काम नसतं, नुसतं न हलणं हेच काम. खांदा भरून येतो, मानेत कळ येते, बोटं आपली वाटेनाशी होतात. पट्ट्याखालचा जाऊबाईंचा तळवा आधी लाल झाला, मग फिका, मग मेणासारखा. त्यांनी कुरकुर केली नाही. सुरुवातीला, हात मांडून घेताना, त्यांनी विचारलं होतं, "पण माझं दुखतं छातीत आणि तू बघणार हात?"

"छातीतल्या बारीक नसा अशा बाहेरून दिसत नाहीत, वहिनी. हातातली दिसते. आतलं अस्तर दोन्हीकडे एकाच जातीचं."

"अस्तर? कोटाला असतं तसं?"

"तसंच. पण हे फार पातळ, एका पेशीच्या जाडीचं. आणि हुशार. रक्त जोरात आलं की त्याला कळतं. मग ते भिंतीला सांगतं, जरा सैल हो, वाट दे. तेवढं ऐकून नस रुंदावते. केसाएवढी, पण मोजता येते."

"आणि अस्तर थकलेलं असलं तर?"

"तर रक्त येतं, ते कळत असतं, पण पुढे सांगितलंच जात नाही. नस आहे तेवढीच राहते."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं," जाऊबाई म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि तिला प्रोब पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागला.

सगळं झाल्यावर तिने दिवा लावला. जाऊबाई उठून बसल्या, दंडावरची जेल पुसत म्हणाल्या, "झालं? एवढंच? मला वाटलं काहीतरी टोचशील."

"टोचायला हवं होतं का?"

"टोचलं की घरी दाखवता येतं." पट्ट्याने हातावर लाल वळ उठवला होता. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. "हाही संध्याकाळपर्यंत जाईल," त्या म्हणाल्या आणि बाही खाली ओढली. जाऊबाई शाळेत गेल्या, मैदानावर नाही, आता त्यांना वाचनालयात बसवलं होतं. ती पुढच्या हाताकडे वळली.

मापायचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी. चित्रफीत एकेक चित्र करत पुढे सरकवायची, वरच्या भिंतीच्या आतल्या कडेवर एक खूण, खालच्या भिंतीच्या आतल्या कडेवर दुसरी, मधलं अंतर यंत्र सांगतं. पट्टा आवळण्यापूर्वीचं अंतर आणि सुटल्यानंतरचं सगळ्यात मोठं अंतर, त्यांतला फरक म्हणजे अस्तराची हुशारी. तिने आधीचं माप घेतलं. मग नंतरचं. फरक जवळपास नव्हताच. नस रुंदावलीच नव्हती. तिने आणखी दोन चित्रं पुढे जाऊन मोजलं, तेच. आणि तिला आनंद झाला. तो इतका स्वच्छ, इतका जोराचा आनंद होता की ती खुर्चीत मागे टेकली आणि पडद्याकडे बघत राहिली. सापडलं. दोन वर्षं एक बाई सांगते आहे आणि हे बघा, सापडलं, आकड्यात सापडलं. हे घेऊन रविवारी वर जायचं, भावजींच्या ताटाशेजारी ठेवायचं. मग हळूच, पायाला गार पाणी लागावं तसं तिला जाणवलं की आपल्याला आनंद झाला आहे तो आपल्या जाऊबाईंची नस बिघडलेली निघाली याचा. ज्यांनी तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिच्या उशाशी रात्री काढल्या, त्या बाईचं आतलं अस्तर थकलं आहे, आणि ती इथे बसून खूश आहे. जगात असा कोणता नातेवाईक असेल जो आपल्या माणसाच्या तपासणीत दोष निघावा म्हणून मनातल्या मनात हात जोडून बसतो? पण जाऊबाईंनीही तर तेच केलं होतं. त्या तसल्या अर्ध्या उजेडात उताण्या पडून दुसरं काय मागत होत्या.

तिने फीत मागे घेतली. कॉलेजात असताना तिच्या वर्गाला एक सर होते, बारीक, पांढऱ्या भुवयांचे, त्यांनी पहिल्याच प्रयोगाला सगळ्यांना एकाच रिळातल्या तारेचे तुकडे वाटले आणि जाडी मोजायला सांगितली. वाटता वाटता खिडकीकडच्या बाकांना म्हणाले, साधारण एवढी यावी. दाराकडच्या बाकांना म्हणाले, साधारण एवढी, आणि आकडा जरासा वेगळा सांगितला. तासाच्या शेवटी खिडकीकडच्यांची तार एका जाडीची होती आणि दाराकडच्यांची दुसऱ्या. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. ती दाराकडे बसली होती, आणि तिने तीन तीनदा मोजलं होतं, जीव लावून. सर ओरडले नाहीत, हसलेही नाहीत, म्हणाले, "तुम्ही तार नाही मोजलीत, मला मोजलंत." त्या वाक्याने ती या कामात पडली असं म्हणायला हरकत नव्हती. माणसाला हवं असलेलं त्याच्या बोटांतून कसं उतरतं याची तिला तेव्हापासून एक प्रकारची भीती होती, आणि भीती असली की माणूस त्या गोष्टीत पारंगत होतो. म्हणून तर प्रयोगशाळेत, इस्पितळात, घरात सगळे म्हणत, हिचं माप म्हणजे माप.

आता तिने भिंतींकडे पाहिलं. नस म्हणजे एक नळीच, ती चित्रात बरोबर मधोमध उभी कापली गेली असली की वरच्या आणि खालच्या, दोन्ही भिंतींच्या आतल्या कडेला एक बारीक, रेशमाच्या धाग्यासारखी दुहेरी रेघ दिसते. आवळण्यापूर्वीच्या चित्रांत ती होती, इतकी सुरेख की पुस्तकात छापावी. सुटल्यानंतरच्या चित्रांत वरची अंधुक होती आणि खालची मधेच तुटत होती. मधोमध सोडून जरा कडेने कापलं तर कुठलीही नळी आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. काकडी उभी कापणारा कुणीही हे सांगेल. म्हणजे नस रुंदावलीही असेल, भरपूर रुंदावली असेल, आणि तिचा हात सरकल्यामुळे ती तेवढीच दिसत असेल. किंवा रुंदावली नसेलही. तिने एक चित्र निवडलं ज्यात खालची रेघ बऱ्यापैकी होती, आणि मोजलं. या वेळी फरक आला, ना कमी ना जास्त, कुठल्याही बाजूला ओढता येईल असा. तिने खूण पुसली, पुन्हा ठेवली. आकडा बदलला. कड कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते तिला एरवी दिसायचं, आत्ता तिथे एक धुरकट पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात तिची इच्छा आरामात मावत होती. थोडं आत सरकलं की जाऊबाई खऱ्या. थोडं बाहेर सरकलं की विशीतली मुलगी.

अशा वेळी करायचं ते ठरलेलं होतं. फितीवर नुसता क्रमांक घालून ती दुसरीकडे द्यायची. दुसरी मापणारी शेजारच्या टेबलावर बसे, सगळे तिला मागून फूटपट्टी म्हणत आणि तिला ते माहीत होतं. फूटपट्टीने फीत लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चार-पाच चित्रं पुढे जाऊन थांबली.

"कुणाचा गं हा?"

"सरावाचा."

"वाटलंच. काठावरून कापलंयस. टाकून दे."

"आधीचं चांगलं आलंय. नंतरचं एखादं चित्र धरून..."

"तू मला हे विचारतेयस?" फूटपट्टीने चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "नव्या पोरींना तूच शिकवतेस ना, की रेघ नाही तर माप नाही?"

"हो."

"मग? नातलग आहे का?" उत्तराची वाट न बघता तिनेच फीत काढून परत दिली. "माझ्या आईचा हात मी तीनदा केला होता मागे. तिन्ही टाकावे लागले. आपल्या माणसाचा हात आपल्याला धरता येत नाही, धरवत नाही, काय असेल ते." मग आपल्या कामाकडे वळून ती पुटपुटली, "बरा होता तो हात. पहिल्या भागातल्या रेघा काय सुंदर आहेत."

आपल्या टेबलाशी परत येऊन तिने फीत पुसली. पुसताना काही वाटेल असं तिला वाटलं होतं, वाटलं नाही. बसमध्ये मात्र, खिडकीच्या काचेला डोकं टेकवल्यावर, तिच्या छातीत काहीतरी घट्ट झालं आणि तिने घाबरून स्वतःचीच नाडी धरली. नाडी ठीक होती. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या पिशवीला दोन्ही हातांनी आवळून बसली होती, तिच्या शेजारी एक पोरगेला मुलगा जांभया देत होता. यांतल्या कुणाचं काय दुखत असेल, ती विचार करत राहिली. आणि त्यांनी सांगितलं तर कोण काय पुरावा मागेल. तिच्याकडे येणाऱ्या बायका, जाऊबाईंसारख्याच, सगळ्यांच्या मोठ्या नसा मोकळ्या, सगळ्यांच्या हातात अहवालांची जाड जाड पाकिटं. टेबलावर आडव्या होताना प्रत्येक बाई एकदा तिच्याकडे बघायची. ती नजर ती इतकी वर्षं भीतीची समजत आली होती.

रविवारी वर गेल्यावर ती जाऊबाईंना आधी एकटं गाठणार होती, स्वयंपाकघरात, पण तिथे भावजीच पाण्याच्या बाटल्या भरत उभे होते. मग सगळे बसले. जाऊबाई वाढायला उभ्या राहिल्या. भावजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "काय शास्त्रज्ञबाई, लागला का आमच्या गाडीचा पोचा?"

तिचा नवरा पेल्यात हसला. जाऊबाईंचा डाव पातेल्यात होता तो तिथेच राहिला. त्यांनी वर पाहिलं नाही.

खोटं बोलणं फार सोपं होतं. कमी आलंय, एवढे दोन शब्द. कुणी फीत मागणार नव्हतं, फीत उरलीही नव्हती. आणि भावजींना दशांश चिन्ह दिसलं की त्यांचा लगेच विश्वास बसे, त्यांनी उद्याच चार डॉक्टरांच्या वेळा घेतल्या असत्या, जिन्यात बसायला खुर्ची ठेवली असती, नातेवाइकांना फोन करून सांगितलं असतं की हिला खरंच आहे बरं का. जाऊबाईंना या घरात दुखायला एक जागा मिळाली असती. आणि ते कदाचित खरंही असेल, हीच त्यातली अवघड गोष्ट होती. तिला नुसतं माहीत नव्हतं.

"माप आलं नाही," ती म्हणाली. "माझा हात हलला."

"म्हणजे नॉर्मल."

"नाही भावजी. म्हणजे माप आलं नाही."

"मग परत कर."

"करता येईल. पण चांगलं आलं तरी वहिनींचं दुखणं जाणार नाही. आणि वाईट आलं तर तुम्हाला नवीन काय कळणार?"

"काय कळणार म्हणजे? खरंच आहे हे कळेल ना."

"ते दोन वर्षांपूर्वीच कळलंय. त्यांनी सांगितलंय."

भावजींनी घास खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते. "अगं, सांगण्यावर कसं चालेल? मला रोज दहा जण सांगतात, मागून ट्रकने ठोकलं."

"त्यांतले खोटं बोलणारे किती?"

त्यांनी खरोखर विचार केला. प्रामाणिक माणूस होता. "थोडे," ते म्हणाले. "फारच थोडे निघतात खरं तर. पण त्या थोड्यांना पकडायलाच मला पगार मिळतो."

"इथे कोण देतं तुम्हाला पगार?" जाऊबाई म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी डाव पातेल्यातून काढला, निथळू दिला, झाकणावर ठेवला. मग धाकट्या जावेकडे वळल्या. "आणि तू गं. एवढं शिकलीस, आणि शेवटी म्हणतेस हात हलला."

"हलला, वहिनी."

"हं," त्या म्हणाल्या, आणि वाढण्याचं अर्धवट टाकून मोकळ्या खुर्चीवर बसल्या. त्या घरात जेवणं चालू असताना त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "आत्ता दुखतंय," त्या म्हणाल्या. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, अशा आवाजात. थट्टेतलं नाव त्यांनी घेतलं नाही.

भावजींनी सवयीने तिच्याकडे पाहिलं, तराजूच्या काट्याकडे पाहावं तसं, काटा कुठे गेला ते कळावं म्हणून. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, जाऊबाईंकडे बघत होती. तिच्या नवऱ्याचा पेला मधेच थांबला होता. भावजी उठले. उठून काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं हे त्यांच्या उष्ट्या हातावरून दिसत होतं, तो त्यांनी हवेत तसाच धरला होता. मग त्यांनी तो सदऱ्याला पुसला, खुर्ची ओढून बायकोच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ घेतली आणि बसले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, डॉक्टर सोडून. जाऊबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि तळवा आपल्या छातीच्या हाडावर, जरा डावीकडे, टेकवून धरला. पत्र्यावरच्या बारीकशा उंचवट्यालाही अडखळणारा तो हात होता. तिथे त्याला काहीच लागलं नाही. त्यांनी तो काढला नाही.